पाण्याचा कॉक बंद करून घर रिकामं होत नसतं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका मुलीचं पत्र आलं होतं, शिकायला सांगलीत राहते, खोलीमालकानं दोन दिवसात खोली खाली करायला लावली आणि डिपॉझिट पण दिलं नाही असं तिनं लिहिलेलं. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही कारण मी पण खोलीमालक आहे. लहान मालक, संजयनगरला स्वतःचं घर, वर दोन खोल्या भाड्यानं, आणि विश्रामबागच्या बाजूला एक वन बीएचके फ्लॅट. कुपवाड एमआयडीसीत लेथवर आयुष्य गेलं, २०२१ ला रिटायर झालो, पेन्शन म्हणाल तर महिन्याला अडीच हजाराच्या आत, त्यामुळं भाडं हेच आमचं पेन्शन. त्या मुलीचं खोटं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. मी स्वतः तसलंच एक काम २०२२ मधे केलं होतं आणि ते इथं लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

सुरुवात महापुरापासून करावी लागेल. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ४५ ला धोक्याची पातळी असते म्हणजे बघा. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही पण माणसं आली. नदीकडच्या भागातली, अंगावरच्या कपड्यानिशी. शाळेत, मंगल कार्यालयात सगळीकडं गादी टाकून लोक झोपलेले. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ, भिंती ओल्या, परत जाऊन राहायची सोय नाही, तेव्हा एक कुटुंब आमच्याकडं आलं. नवरा मार्केट यार्डात हळदीचा हमाल, बायको सिझनला बेदाणा निवडायला जायची, दोन मुलं, आणि म्हातारी आई. वरच्या खोल्या तेव्हा रिकाम्या होत्या. साडेचार हजार भाडं ठरलं, डिपॉझिट त्यानं दोन टप्प्यात दहा हजार दिलं. कागद काहीच केला नाही. महापुरातून आलेल्या माणसाकडं कागद कोण मागतो ओ, त्याचं आधार कार्ड पण भिजून लगदा झालेलं. मंडळी म्हणाली राहू दे, नंतर करू. तो नंतर कधी आलाच नाही.

माणूस चांगला होता हे मी आज पण सांगतो. पहाटे जायचा, दुपारी यायचा तेव्हा पायापासून केसापर्यंत पिवळा. हळद अशी बसते की साबणानं निघत नाही, बाथरूमच्या मोरीतून पिवळं पाणी खाली आमच्या अंगणातल्या गटारात यायचं, आणि जिन्यातल्या बटणाच्या बोर्डावर, दाराच्या कडीजवळ, नळाच्या कॉकवर त्याच्या बोटांचे पिवळे ठसे. मला अण्णा म्हणायचा. एक तारखेला नाही पण पाच-सहा तारखेपर्यंत भाडं हातात द्यायचा, वर चढायच्या आधी.

मग मार्च २०२० आलं. यार्ड बंद, सौदे बंद. एप्रिलमधे राज्य सरकारनं सांगितलं की घरमालकांनी किमान तीन महिने भाडं वसुली पुढं ढकलावी, कुणाला घराबाहेर काढू नये. मी सहा महिने मागितलं नाही. पुढं ढकलणं म्हणजे माफ करणं नव्हे, पण आम्ही दोघांनी पण ते कधी बोलून घेतलं नाही, मी समजलो तो नंतर देईल आणि तो समजला अण्णांनी सोडलं. इथंच सगळं बिघडायला लागलं असं आता वाटतं. ऑक्टोबरपासून परत सुरू झालं, नऊ महिने नीट आलं, मग जुलै २०२१ ला परत पूर, पाणी पन्नास फुटाच्या वर, परत कामं बंद. त्यानंतर कधी दोन हजार कधी अडीच हजार, आणि फेब्रुवारी २०२२ पासून काहीच नाही. त्यात त्याची आई आजारी, मिरजेच्या दवाखान्याच्या चकरा.

त्याच वर्षी आमच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलाला वर राहायला खोल्या पाहिजे होत्या. मी त्याला मार्चमधे सांगितलं, लग्न उरकेपर्यंत बघ बाबा दुसरीकडं. तो हो म्हणाला. एप्रिलमधे परत सांगितलं, परत हो. मे महिन्यात मी वर गेलो तेव्हा तो म्हणाला अण्णा मी कुठं जाऊ, आणि मी म्हणालो ते मी बघायचं का, आवाज वाढला, गल्लीतली माणसं गोळा झाली. गल्लीतले काही जण मला म्हणायला लागले, असं बोलून कोण जातंय, लाईट तोड, पाणी तोड, आठ दिवसात पळतील. मी ऐकलं. गच्चीवरच्या टाकीचा कॉक मी स्वतःच्या हातानं बंद केला. मे महिना, सांगलीचं ऊन.

दोन दिवस तसं ठेवलं. त्याची बायको कोपऱ्यावरच्या नळावरून घागर घेऊन जिना चढायची, मला दिसायची, मी पेपर वाचत बसायचो आणि पेपरातलं एक अक्षर कळायचं नाही. दुसऱ्या रात्री मला जाग आली तर आमच्या मंडळी मागच्या दारातनं त्यांना बादल्या भरून देत होत्या. मला काही बोलल्या नाहीत. सकाळी पोलीस आला, कुणीतरी सांगितलं असणार. तो मुलगा वयानं माझ्या मुलाएवढा असेल, पण त्यानं मला खुर्चीत बसवून नीट सांगितलं की काका, भाडं थकलं असलं तरी पाणी लाईट तोडायचा हक्क मालकाला नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ मधे तो गुन्हा आहे, तुमच्यावरच केस होईल. मी गच्चीवर गेलो आणि कॉक उघडला. कॉकवर पण पिवळे ठसे होते.

हे सगळं मी एवढ्यासाठी लिहितो कारण आपल्याकडं आज पण शंभरातल्या कितीतरी मालकांना वाटतं की घर माझं आहे म्हणजे कुलूप लावायचा हक्क पण माझा आहे. नाही. कुलूप लावणं, सामान बाहेर टाकणं, चार पोरं घेऊन जाऊन दम देणं, हे काही चालत नाही, आणि चालू नये.

त्यानंतर मी वकील गाठला. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, अ‍ॅग्रीमेंट आहे का, मी म्हणालो नाही. ते म्हणाले मग केसमधे पहिली चूक तुमचीच निघते. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नाही केला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून वाईट म्हणजे नोंदणी नसली की कुठल्या अटीवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे सिद्ध करायचं काम मालकावर. मी चाळीस वर्षं मशीनवर मायक्रोमीटर लावून काम केलं, एक सूत इकडं तिकडं चालत नव्हतं, आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत एक ओळ लिहून घेतली नव्हती.

जे लोक म्हणतात ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही त्यांना पण सांगतो, आपल्या राज्यात लागते. ११ महिने असो नाहीतर ३ महिने. बाँडवर नोटरी करून ठेवणं म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीचे कागद कपाटात ठेवून निर्धास्त बसलेले माझ्या ओळखीचे निदान दहा जण आहेत.

मग नोटीस. भाडं थकलं म्हणून दावा लावायचा असला तर आधी लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. दावा लागल्यावर पण समन्स मिळाल्यापासून ९० दिवसात भाडेकरूनं सगळी थकबाकी १५ टक्के व्याजानं आणि खर्चासकट कोर्टात भरली तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. मला हे ऐकून तेव्हा राग आला होता, आता येत नाही, गरीब माणसाला एक संधी पाहिजेच. दुसरं कारण स्वतःची गरज, मुलाचं लग्न. ते पण सिद्ध करायला लागतं, आणि घर सोडल्यानं जास्त हाल कुणाचे होतात हे कोर्ट बघतं. नोव्हेंबर २०२२ मधे दावा दाखल झाला. मुलाचं लग्न डिसेंबरमधे झालं, सून घरात आली ती खालच्या खोलीत, आम्ही दोघं हॉलमधे झोपायला लागलो, सहा महिन्यात मुलगा पुण्याला नोकरी बघून गेला. खोल्यांची गरज ज्याच्यासाठी होती तोच गेला आणि तारखा चालूच. एकदा समन्स बजावलं गेलं नाही, एकदा त्यांचे वकील आजारी, एकदा माझे वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा साहेबांची बदली. कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही, पण पावणेदोन वर्षं आम्ही एकाच जिन्यावरून वर खाली करत होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. त्याची मुलं आधी आमच्याकडं टीव्ही बघायला यायची ती यायची बंद झाली. मंडळींना ते सगळ्यात जास्त लागलं.

शेवट झाला तो लोकअदालतीत, २०२४ मधे. आमचं प्रकरण तिथं ठेवलं, समोर एक न्यायाधीश मॅडम आणि बाजूला एक वकील होते. मॅडमनी माझ्या वकिलांना थांबवलं, त्याच्या वकिलांना थांबवलं, आणि त्यालाच विचारलं तुमची अडचण नक्की काय आहे. तो उभा राहिला, म्हणाला, "मॅडम, खोली मिळते, पण दुसरीकडं डिपॉझिट पंचवीस-तीस हजार मागतात. माझ्याकडं न्हाईत. अण्णांचं भाडं बुडालंय ते मला ठाऊक हाय, मी न्हाई म्हणत न्हाई."

मी तिथं सुन्न बसलो. पावणेदोन वर्षं, वकील फी आणि कागदपत्रं धरून माझे पस्तीस हजार गेले होते, भाडं बुडालं ते पावणेदोन लाखाच्या आसपास, आणि घोडं अडलं होतं पंचवीस हजारावर. मे २०२२ मधे मी कॉक बंद करायच्या ऐवजी त्याच्याजवळ बसून विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. नाही विचारलं. मी पण मालकाच्या तोऱ्यात होतो आणि तो पण लाजेनं बोलत नव्हता.

तडजोड अशी झाली, मागची थकबाकी मी सोडली, त्याचे डिपॉझिटचे दहा हजार परत आणि वर पंधरा हजार, आणि त्यानं दोन महिन्यात खोल्या द्यायच्या. लोकअदालतीत झालेला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, त्यावर अपील नसतं, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. त्यानं दोन महिन्यांच्या आधीच, सात आठवड्यात खोल्या दिल्या. टेम्पो मीच सांगितला. सामान ते किती, दोन पत्र्याच्या ट्रंका, एक कूलर, शिलाई मशीन, म्हातारीची खाट. म्हातारी त्याआधीच वारली होती, खाट तेवढी होती. जाताना त्याच्या बायकोनं जिना धुवून दिला.

नंतर मी दोन हात रंग मारला. आठ दिवसात बटणाच्या बोर्डाशेजारी पिवळं वर आलं. परत मारला, परत आलं. रंगारी म्हणाला हळद आहे, आधी प्रायमर मारायला लागेल. मी म्हणालो राहू दे.

आता फ्लॅटचं सांगतो, कारण हीच गोष्ट नीट केली तर काय होतं ते पण लोकांना कळलं पाहिजे. फ्लॅटचा करार मी पहिल्यापासून लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, ऑनलाइन नोंदणी केलेला करत आलोय, कारण तो करून देणारा माणूस बिल्डरच्या ऑफिसातच बसायचा, माझी अक्कल त्यात काही नव्हती. २०२३ मधे तिथल्या एका भाडेकरूची मुदत संपली आणि तो हलेना. मी ह्या वेळेला आवाज चढवला नाही. त्याला घरी चहाला बोलावलं आणि करार समोर ठेवला. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मधे लिहिलंय की लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई द्यायला लागते, आणि असल्या प्रकरणाची सुनावणी सक्षम प्राधिकाऱ्यापुढं, म्हणजे त्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यापुढं होते, साध्या दाव्यासारखी नाही, तिथं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसात प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी त्यालाच मागावी लागते. नोंदणी केलेला करार असला की त्यात लिहिलेलं तेच खरं धरतात. त्यानं सगळं वाचलं, दीड महिना मागितला, मी दिला, आणि तो गेला. भांडण नाही, पोलीस नाही. आज पण रस्त्यात भेटला तर थांबून बोलतो.

आणि ह्या कागदाला खर्च किती? माझं उदाहरण देतो. भाडं ९,००० आणि डिपॉझिट ५०,०००, मुदत ११ महिने. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. करून देणाऱ्याची मजुरी धरून दोन-अडीच हजारात काम होतं, माणूस घरी येऊन आधार आणि अंगठे घेऊन जातो, ऑफिसला जायची गरज नाही. अडीच हजार वाचवायला गेलेल्या माणसाचे दोन लाख कसे जातात ते वर लिहिलंच आहे.

ह्याच्या जोडीला पैशाचं पण थोडं लिहितो, कारण कारखान्यातले माझ्या मागं रिटायर होणारे मित्र सारखे विचारतात, पीएफचे पैसे आलेत, फ्लॅट घेऊन भाड्यानं देऊ का, भाड्यात हप्ता निघेल का. नाही निघत. मी २०१४ मधे फ्लॅट १९ लाखाला घेतला, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, ग्रील, किचनचा ओटा, फॅन सगळं धरून २१ लाख ८० हजार बसले. त्यातले १२ लाख कर्ज, सव्वादहा टक्क्यानं १५ वर्षं, हप्ता १३,००० च्या वर. भाडं तेव्हा मिळायचं साडेसहा हजार. म्हणजे दर महिन्याला साडेसहा हजार मी खिशातून घालत होतो आणि लोकांना सांगत होतो माझा फ्लॅट भाड्यानं आहे. ओव्हरटाईम होता म्हणून जमलं. रिटायर होताना पीएफमधून राहिलेलं कर्ज फेडलं तेव्हा झोप लागली.

आज भाडं ९,००० म्हणजे वर्षाचं १ लाख ८ हजार. त्यातून मेंटेनन्स ९,६००, घरपट्टी साडेपाच हजार, दोन भाडेकरूंच्या मधे सरासरी एक महिना रिकामा जातो ते ९,०००, आणि रंग, नळ, गिझर, बेसिन असलं काही ना काही वर्षाला दहा हजार धराच. हातात उरतात चौऱ्याहत्तर हजाराला कमी. घातलेल्या पैशावर साडेतीन टक्के पण नाही. कर्जाचं व्याज मी ह्यात धरलेलंच नाही. बँकेतली ठेव ह्याच्या जवळपास दुप्पट देते. भाव वाढला हे खरं, एजंट २८ लाख मिळतील म्हणतो, पण ते गिऱ्हाईक उभं राहिल्यावर खरं. मी फ्लॅट घेऊ नका म्हणत नाही. भाड्यावर हप्ता भागेल ह्या हिशोबानं घेऊ नका एवढं कळकळीनं सांगतो, कारण असा हप्ता डोक्यावर असलेला मालकच भाडं दहा दिवस लांबलं की भाडेकरूच्या दारात जाऊन ओरडतो. त्याचा पण जीव टांगणीला असतो आणि तो राग गरिबावर निघतो. माझा निघाला तसा.

आणि सांगलीत जागा घेताना एक प्रश्न विचारल्याशिवाय टोकन देऊ नका, २००५, २०१९ आणि २०२१ ला इथं पाणी कुठपर्यंत होतं. एजंटला नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. भाडेकरू पण आता हाच प्रश्न आधी विचारतात, आणि बरोबर करतात, तळमजल्याला मागणी कमी का आहे ते कळतं. महापालिकेत जाऊन पूररेषा, निळी आणि लाल, नकाशावर बघून या. माझ्या साडूनं नाही बघितली आणि आता त्याचा तळमजला दर पावसाळ्यात रिकामा असतो.

आणखी एक गोष्ट सांगतो जी माझ्या बाजूच्या लोकांना आवडणार नाही. आपण भाडेकरू घेताना आडनाव विचारतो, घरात मटण शिजतं का विचारतो, मुलगी एकटी असली तर चौकशीचे शंभर प्रश्न. नोकरी कुठं आहे, आधीचं घर का सोडलं, आधीच्या मालकाचा नंबर द्या, हे विचारायचं राहून जातं. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायची तर ते पण निम्मे लोक देत नाहीत. आणि दर महिन्याला भाड्याची पावती द्यायची हा तर कायदाच आहे, मी चार वर्षात एक पावती फाडली नव्हती. कोर्टात त्यानं सांगितलं की काही महिने मी रोख दिलेत, माझ्याकडं नाही म्हणायला कागद नव्हता आणि त्याच्याकडं हो म्हणायला नव्हता. खरं सांगतो, एका महिन्याबद्दल मला स्वतःलाच खात्री नव्हती.

केंद्र सरकारनं जून २०२१ मधे आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडं पाठवला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असं आहे. आपल्याकडं अजून १९९९ चाच कायदा चालतो. त्या हमालाची अडचण डिपॉझिटचीच होती, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं. साडेचार हजारच्या खोलीला तीस हजार डिपॉझिट मागायचं आणि मग माणूस जुनी खोली का सोडत नाही म्हणून चिडायचं, हे बरोबर नाही. मालकांनीच आपसात ठरवलं तरी हे कमी होईल, कायद्याची वाट बघायला नको.

संपादक साहेब, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. एक, नोंदणीच्या खर्चाचं आणि घरबसल्या नोंदणीचं तुमच्या पेपरात चौकटीत छापा, जून महिन्यात छापा, तेव्हा शिकायला येणारी मुलं खोल्या शोधत असतात आणि मालक बोर्ड लावत असतात. दुसरं, लोकांना हे सांगा की भांडण कोर्टात जायच्या आधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो, दावा दाखल न करता पण ते प्रकरण लोकअदालतीत ठेवतात, दोघांना समोर बसवतात. मला २०२२ मधे हे कुणी सांगितलं नाही. गल्लीत सल्ला द्यायला वीस माणसं होती, पण हे एकाला पण ठाऊक नव्हतं. ज्या मुलीनं पत्र लिहिलं तिला पण हे सांगायचं आहे, पोरी, तुझं डिपॉझिट तू तिथं मागू शकतेस, अर्ज कर, मालकाला बोलावणं जाईल.

वरच्या खोल्या जवळजवळ वर्षभर रिकाम्या ठेवल्या, मनच होत नव्हतं. आता एक नवरा बायको येणार आहेत, दोघं पण एका दवाखान्यात कामाला आहेत. भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट तेरा, दोन महिन्यांचंच घेतलंय. पावती पुस्तक आणून ठेवलं आहे. करारात मंडळींनी एक ओळ घालायला लावली, भाडं थकलं तर आधी दोघांनी खाली घरात बसून बोलायचं. करून देणारा म्हणाला काकू असली अट कुणी घालत नाही, ती म्हणाली तू घाल. रविवारी सकाळी अंगठे द्यायला येणार आहेत.

आपला,
एक वाचक
संजयनगर, सांगली